नऊ नंबरची पात

सोमवार, ३ मार्च २०२५
सापगाव

सामान लावून झालं. सामान म्हणजे एक ट्रंक, गादीची वळकटी, शेगडी आणि माझी हत्यारांची पेटी. घरमालकानं पेटीकडे बघून विचारलं, प्लंबर का तुमी? म्हटलं, नाही, फ्लोअर सुपरवायझर. फरक त्याला कळला नसावा, पण नंतर बोलताना 'साहेब' म्हणाला. खिडकीतून नदीकडची झाडं दिसतात. नळाचा वॉशर गेला होता, तो मीच बसवला. एकूण मन प्रसन्न आहे. बऱ्याच दिवसांनी असं लिहितोय.

मुरबाडचा आमचा कारखाना बंद झाल्यापासून मी फाइल घेऊन गेटागेटावर फिरलो. प्रत्येक गेटला 'पाहिजेत' असा बोर्ड आणि खाली बारीक अक्षरात वयाची अट. प्रेस मशीन चालवायला हात लागतो की जन्मदाखला? एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या पोरानं आयटीआयचं सर्टिफिकेट मागितलं. त्याला सांगितलं, जर्मन मशीनचं पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचलं आणि आयटीआयवाल्यांनी हात टेकलेलं हायड्रॉलिक मीच चालू केलं. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण सर्टिफिकेट? दुसरीकडे हेल्परची जागा देत होते. मी उठून आलो. घरी बायको, वत्सला, म्हणाली, आलेली नोकरी नाकारायलासुद्धा ऐपत लागते. तिची जीभ अशीच आहे.

आता हे गोडाऊन. ऑनलाइन मागवलेला माल इथून सुटतो. ठेकेदारामार्फत घेतलंय, पण पद सुपरवायझरचं. आधीचा सुपरवायझर न सांगता गेला म्हणून त्यांना माणूस लगेच हवा होता. का गेला ते मी विचारलं नाही. काम न जमणारी माणसं जातात.

माझी जागा पक्की झाली की प्रणितला इथंच आणायचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला मुलगा वर्षभर टोकावड्याला घरात बसून आहे. दोन ठिकाणची कामं मीच त्याला सोडायला लावली. एका ठिकाणी फोरमन चहा आणायला पाठवायचा, दुसरीकडे लेबलं चिकटवायला बसवलं होतं. डिप्लोमावाल्यानं लेबलं चिकटवायची? तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. निघताना मात्र ट्रंक एस.टी.पर्यंत त्यानंच आणली. त्याला म्हटलं, या वेळी तुला पुढच्या दारानं नेतो.

बुधवार, ५ मार्च

गोडाऊन समजून घेतलं. गेटवर फोन जमा करायचा. मग मशीनवर अंगठा लावायचा, तो वाचला तर आत, आणि सुटताना पुन्हा अंगठा लावला की बाहेर. सेफ्टी शूज, पिवळं जॅकेट. आत छतापर्यंत रॅक आणि मधल्या गल्ल्या, प्रत्येकीला नंबर. एका तोंडाला माल उतरतो, दुसऱ्या तोंडाला पॅकिंग आणि माल वाहणारा सरकता पट्टा. खिडकी नाही. दिवे दिवसभर सारखेच. पट्टा चालू असला की शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. पट्ट्याच्या एका रोलरला तेल नाही, ते मी लिहून दिलं.

मॅनेजर ओमकार सर. माझ्या प्रणितपेक्षा थोडा मोठा असेल. काचेच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसतो आणि मला 'अंकल' म्हणतो. मी दोनदा सांगितलं, देसले म्हणा. तो म्हणाला, ओके अंकल.

माणसं बहुतेक डोळखांबकडची आणि इथल्या पाड्यांवरची. कामाला बरी, शिस्त नाही. त्यातही एक प्रकार असा पाहिला की लिहिताना हसू येतंय. नऊ नंबरच्या गल्लीत सगळे उलटं चालतात. माल उतरतो त्या तोंडानं शिरायचं ते पाठ पुढं करून, कमरेत वाकून, आणि तसंच मागं मागं जात पॅकिंगच्या तोंडाला बाहेर पडायचं. बाया, बाप्ये, सगळेच. ट्रॉलीसुद्धा ओढतात, ढकलत नाहीत. आठ नंबरात सरळ चालतात, दहा नंबरात सरळ चालतात. नऊमध्ये नाही.

नवसू म्हणून एक जुना माणूस आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, सवय हाय ओ. कसली सवय? तर हसला आणि स्कॅनर घेऊन गेला.

त्या गल्लीत मधोमध एक जण पार वाकून खालच्या फळीवर माल लावत होता. मी हाक मारली, त्यानं पाठ सरळ केली नाही. हजेरीत त्याचं नाव शोधलं, सापडलं नाही. उद्या बघतो.

शनिवार, ८ मार्च

तीन दिवस सांगून घसा बसला. उलटं चालणं सुरक्षिततेच्या नियमात बसत नाही. ट्रॉलीखाली पाय आला तर जबाबदार कोण? सुपरवायझर. वेळ दुप्पट जातो तो वेगळाच. सगळ्यांना उभं करून नीट समजावलं, फळ्यावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं. आणि गेले, उलटे.

झाडू मारणारी हौसाबाई आहे, इथल्याच पाड्यावरची, वयस्कर. ती तर झाडूसुद्धा मागं सरकत मारते. तिला म्हटलं, मावशी, कचरा पुढं ढकलायचा असतो. म्हणाली, तुमच्या घरी ढकलत असतील.

बाकीचे हसले. नवसू तोंड फिरवून हसला, हे मी पाहिलं.

मी ओमकार सरांकडे गेलो. त्यांनी स्क्रीनवर बघितलं आणि सांगितलं की नऊ नंबरचं पिकिंग टार्गेटमध्ये आहे. माणूस उलटा चालतो की डोक्यावर, सिस्टीमला दिसत नाही. मी म्हटलं, तुम्ही एकदा येऊन डोळ्यांनी बघा. ते म्हणाले, अंकल, चिल. काय करायचं या माणसांचं!

एक काम झालं. प्रणितची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. मार्चअखेर नवी भरती आहे, बघू म्हणाले. संध्याकाळी घरी फोन केला. प्रणित म्हणाला, नक्की का? का परत तुम्हीच नको म्हणाल? मी म्हटलं, बापाच्या शब्दावर विश्वास ठेव.

तो वाकलेला माणूस अजून सापडत नाही. म्हणजे दिसतो, पण मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत रॅकच्या सावलीत असतो. काम मात्र चोख करतो. खालच्या फळीवरचे खोके अगदी एका अंतरावर, ओळीत.

मंगळवार, ११ मार्च

आज निकाल लावला. सांगून कळत नसेल तर करून दाखवायचं, हा माझा मुरबाडपासूनचा नियम.

सगळ्यांना नऊच्या तोंडाशी बोलावलं. भरलेली ट्रॉली घेतली आणि सरळ, छाती पुढं काढून, मधोमध चालत गेलो. पलीकडे पोचलो, वळलो, तसाच परत आलो. कोणी हसलं नाही. नवसूनं डोक्याची टोपी काढून हातात घेतली. हौसाबाई जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, बघितलंत? काय झालं?

माणसं तमाशाला यावीत तशी जमली होती, मयताला आल्यासारखी परत गेली.

एक नोंद. मधल्या भागात फरशी नरम लागते. म्हणजे दिसायला काँक्रीटच, वरून रंग, भेग नाही. पण बुटाखाली काहीतरी दबल्यासारखं, बारीक मोडल्यासारखं वाटत होतं, प्रत्येक पावलाला. खालचा भराव नीट दाबलेला नसणार. दमटपणाचा वासही आहे. ओमकार सरांना लेखी कळवलं.

वाकलेला माणूस आज जवळून दिसला. मी ट्रॉली घेऊन गेलो तेव्हा तो माझ्यासाठी बाजूला झाला नाही, मागं मागं सरकत राहिला. जॅकेट आपलंच, सुपरवायझरचं, पिवळ्यावर निळ्या पट्टीचं. चेहरा खाली. हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, अरे नाव काय तुझं? पट्टा चालू होता.

शुक्रवार, १४ मार्च
टोकावडे

होळीला घरी आलो. चार माणसांत बरं वाटलं. गोडाऊनचं वर्णन सगळ्यांना सांगितलं, उलटं चालणं मात्र सांगितलं नाही. हसतील ते आपल्याच भागाला.

पाय दुखतायत. बूट काढले तर वत्सला बघतच राहिली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यात. पांढऱ्या पडलेल्या, फाटलेल्या, आत लाल. तळवे भिजून सुरकुतलेले. श्रावणात भाताची आवणी करणाऱ्या बायकांचे होतात तसे पाय. ती म्हणाली, फाल्गुनात कुणाच्या खाचरात उतरलात? मी म्हटलं, बुटांचा रबर हलका आहे, घाम बाहेर जात नाही. तिनं मेंदी वाटून लावली. लावता लावता म्हणाली, घामाच्या चिखल्या मी आजवर बघितल्या नाहीत.

मी शेतात पाय घालायचा कधीच सोडला. आमच्या बाबांनी जन्मभर चिखल तुडवला, मी यंत्र धरलं. वीस वर्षांत माझ्या पायाला चिखल्या नाहीत, आणि आता सिमेंटच्या फरशीवर?

प्रणितला मुलाखतीचा फोन आला. मीच शब्द टाकला होता. तो स्वतःहून माझ्याशेजारी येऊन बसला आणि गोडाऊनच्या पट्ट्याची मोटर कुठली, किती ताकदीची, हे विचारत होता. त्याच्या तोंडावर असा उजेड मी बऱ्याच दिवसांनी पाहिला. वत्सलानं आतून पाहिलं आणि मला जास्तीची पुरणपोळी वाढली.

मंगळवार, १८ मार्च

मशीन माझा अंगठा वाचत नाही. पुसून लावला, फुंकर मारून लावला, दुसरा लावला. बोटांची टोकं भिजलेल्या चण्यासारखी झालीत. वॉचमन मला ओळखतो, त्यानं आत सोडलं. पण सिस्टीमच्या मते मी आलोच नाही. आणि कालचा सुटतानाचा अंगठा लागला नव्हता, म्हणून त्याच सिस्टीमच्या मते मी कालपासून बाहेर पडलेलोच नाही. ओमकार सरांना विचारलं, दोन्ही एकदम कसं खरं असेल? ते म्हणाले, तिकीट टाका, म्हणजे सिस्टीमवर तक्रार. मी टाकलं. उत्तर आलं की कर्मचारी प्रत्यक्ष हजर असल्याखेरीज दुरुस्ती होणार नाही. मी प्रत्यक्ष त्यांच्या टेबलासमोर उभा होतो.

बूट बदलून मागितले. दिले नाहीत. फरशीच्या तक्रारीवर शेरा आला: फरशी कोरडी आहे, तपासली.

संध्याकाळी मोजे पिळले. काळं पाणी निघालं. वास ओळखीचा आहे. चिखलाचा नुसता नाही, त्यात कोवळ्या भाताचा वास आहे, रोप उपटताना हाताला येतो तो.

प्रणितचं पक्कं झालं. ३१ तारखेला रुजू. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चांगला मुहूर्त. त्यानं फोनवर मला 'थँक्यू बाबा' म्हटलं. मला नीट आनंद करता येईना.

शुक्रवार, २१ मार्च

आज काहीतरी झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी मी आठ नंबरात उभा होतो. नंतर नऊमध्ये होतो. कमरेत वाकलेलो. खालच्या फळीवर टिफिनच्या डब्यांचे खोके लावत होतो, एक एक, टेकवून, दाबून, आणि मागं सरकत होतो. माझ्यामागं ओळ तयार झाली नव्हती, पुढं झाली होती. किती वेळ ते माहीत नाही. नवसू तोंडाशी उभा होता. तो आत आला नाही. मी सरळ व्हायला गेलो तर पाठ सरळ होईना, रॅक धरून उठावं लागलं. नखांत माती होती.

त्या वाकलेल्या माणसाच्या शेजारी होतो मी. त्याच्या पलीकडे आणखी एक. तिघं आपापल्या ओळीत.

नवसूनं लांबूनच विचारलं, कंबर धरली का, देसलेभाऊ? त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

शनिवार, २२ मार्च

हौसाबाईला गाठलं. जेवणाच्या सुट्टीत, गेटबाहेरच्या चिंचेखाली. आधी ती भाकरच सोडत बसली. मग म्हणाली, बूट काढा. माझे पाय बघून तिनं मान हलवली आणि सांगितलं. जेवढं सांगितलं तेवढं लिहितो.

गोडाऊनच्या जागी खाचरं होती. ज्याची होती त्यानं त्या वर्षी पाड्यावरच्या बायकांना सावडीनं आवणीला बोलावलं. सावड म्हणजे पैसा नाही, हाताला हात: आज आम्ही तुमच्यात लावतो, उद्या तुम्ही आमच्यात या. हौसाबाई त्यांत होती. सगळं खाचर हिरवं करून दिलं. आणि फेडीची पाळी आली तेव्हा जमीन विकून तो निघून गेला. डंपर आले, मुरूम ओतला, उभ्या रोपावर. बायकांची स्वतःची आवणी राहिली ती राहिलीच, राबात, लावणीसाठी वाढवलेलं रोप पिवळं पडून गेलं.

तिचं म्हणणं, ते हात अजून तिथंच गुंतलेत. नऊ नंबरखाली रोप उभंच आहे. आवणीत कोणी पुढं चालत नाही, लावलेलं तुडवलं जातं. म्हणून ही माणसं मागं चालतात. जो तुडवतो त्याला परत लावावं लागतं, त्याची पात, म्हणजे लावणीची ओळ, त्यानंच धरायची.

मी म्हटलं, मी शिकलेला माणूस आहे, हे मला सांगू नका. ती म्हणाली, "तुमी शिकलेलं हाव, पण तुडवला तुमीच ना? आमी अडाणी, आमी नाय तुडवला."

मग विचारायचं नव्हतं तरी विचारलं, कधी सुटणार? ती माझी समजूत घालायला म्हणाली की घाबरू नका, सावडीत माणसाच्या बदली माणूस चालतो, पण घरचाच लागतो. तुमच्या आधीचा सुपरवायझर असाच अडकला होता. त्याचा धाकटा भाऊ इथं कामाला लागला, नऊमध्ये उतरला, तसे त्याचे पाय सुकले. दुसऱ्या दिवशी तो घरी गेला.

"घरातला एक हात आला का दुसरा मोकला होतो. तुमचा पोरगा येतोय ना, देसलेभाऊ? मग झाला तर."

तिनं हे चांगल्या मनानं सांगितलं. मी विचारलं, आणि तो भाऊ? ती गोडाऊनकडे बघत राहिली.

त्या वाकलेल्याचं निळ्या पट्टीचं जॅकेट. थोरल्या भावाचं घातलं असेल.

त्याच संध्याकाळी

प्रणितला फोन केला. म्हटलं, येऊ नकोस. कारण सांगता येईना. म्हटलं, फरशी खराब आहे, व्यवस्था नीट नाही, ओमकार सर कसला तरी माणूस आहे. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुठलीच नोकरी चालत नाही. माझी तर नाहीच नाही. या वेळी मी येणार."

खरं सांगितलं. रोप, पात, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, आणि आईकडे फोन दिला. ती म्हणाली, तुम्ही जेवलात का नीट?

मंगळवार, २५ मार्च

राजीनामा घेऊन गेलो. स्वच्छ अक्षरात, दोन प्रती. ओमकार सर म्हणाले, सिस्टीममध्ये तुम्ही शिफ्टवर आहात, आऊट झाल्याशिवाय एक्झिट घेता येत नाही. मी टेबलावर हात आपटला. टेबलावर चिखलाचा पंजा उमटला. त्यांनी तो टिश्यूनं पुसला आणि विचारलं, अंकल, कॉफी सांडली का?

म्हटलं, मग माझ्या मुलाचं रद्द करा. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, त्याला इथं सडवू नका. ते म्हणाले, फॅमिली मॅटर बाहेर ठेवा. वर असंही म्हणाले की नऊ नंबरचं काम या महिन्यात सगळ्यांत चांगलं आहे, माझं नाव बोर्डावर लावणार आहेत.

गुरुवार, २७ मार्च

टोकावड्याला जायला निघालो. समोर बसून सांगेन, पाय दाखवीन, मग पटेल. शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची गाडी लागली होती. मी तिच्याकडे चालत होतो आणि ती लांब जात होती. लोक हसायला लागले तेव्हा कळलं. मी मागं चालत होतो. एक पोरगी आईला म्हणाली, आजोबा बघ कसे खेळतात.

पुढं पाऊल टाकताच येत नाही. उचलतो, ते मागंच पडतं. खांब धरला, कंडक्टरला म्हटलं हात द्या. त्याला वाटलं घेतलेली आहे.

सगळा रस्ता तसाच. पाठ पुढं. गाड्या हॉर्न मारत होत्या. पाठीला गेट लागलं.

वॉचमननं अंगठा मागितला नाही.

शनिवार, २९ मार्च

खोलीवर गेलेलो नाही. हौसाबाई भाकर आणते, खाली ठेवते, मागं सरकते. फोन गेटवरच्या कुलुपाच्या डबीत आहे. नवसूला म्हटलं, डबी उघडून आण. तो म्हणाला, चावी सायबाकडं. साहेब म्हणाले म्हणे, शिफ्ट संपल्यावर.

शिफ्ट संपत नाही.

पाणी घोट्याच्या वर आहे. बघितलं तर फरशी कोरडी. हात घातला की मनगटापर्यंत गार. रोपाची मूठ कुठून हातात येते कळत नाही— खोके म्हणून उचलतो आणि हिरवं—

शेजारच्यानं आज मान वळवली. प्रणितच्या वयाचा आहे. त्यानं नुसतं माझ्या ओळीकडे बघून, वाकडी गेली होती ती बोटानं दाखवली.

रविवार, ३० मार्च. पाडवा

सुट्टी. दिवे बंद नाहीत. पट्टा बंद.

ऐकू येतं आता. पाण्यात पाय काढताना, घालताना जो आवाज होतो तो. सगळ्या गल्लीभर.

नवसूला शपथ घातली. उद्या पोराला गेटवर अडव. हौसाबाईला म्हटलं, तू सांग, तुझं ऐकेल. ती म्हणाली, तुमी सुटताय तर सुटा ना, भाऊ. मी म्हटलं, मला सुटायचं नाही. पहिल्यांदा ती रडली.

सोमवार, ३१

नवसू आला. सांगितलं म्हणाला. गेटवर अडवून सांगितलं. प्रणितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, माझ्या बाबांनी पढवलं ना तुम्हाला?

अंगठा पहिल्याच खेपेला वाचला त्याचा.

हौसाबाई गल्लीच्या तोंडाशी आडवा झाडू धरून उभी आहे. मालाचं तोंड. मी पॅकिंगकडच्या टोकाला. मध्ये सगळी गल्ली. पट्टा चालू. ओरडलो. हौसाबाईलाच ऐकू गेलं नाही. म्हणून हे लिहितोय— पान फाडून तिच्याकडे सरकवीन— तिला वाचता येत नाही, पण त्याला देईल—

प्रणित. मी वाकलोय ते काम करतोय म्हणून. आजारी नाही. मला घ्यायला येऊ नकोस. तिथूनच मागं फिर, गेटबाहेर जा, आईला घेऊन— चहा आणायची नोकरी धर, लेबलं चिकटव, मी काही म्हणणार नाही. कधीच काही म्हणणार—

पिवळं जॅकेट. नवं. दिसला. माझ्याकडे बघतोय. हात हलवला त्यानं.

हौसाबाईला हलकेच बाजूला केलं. नीट, आदरानं. शहाणा आहे.

पळत येतोय. सरळ.

बोटांतली आग थांबली. बेचक्या— कातडी ताणतेय, कोरडी— पाठ सरळ होतेय आपोआप— नको— मी धरून ठेवलंय, दोन्ही हातांनी, मुळाशी धरलंय, सोडत नाही— प्रणित, पाय उचल, खाली टेकवू न